लस मारूनही खुरकूत काहून आली? पेशीच्या आत काय चालतं ते सांगतो

हिंगण्याकडच्या एका पोरानं विचारलंय. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं, आता घरचा गोठा सांभाळतो, २२ जनावरं, बहुतेक संकरित. त्याचं म्हणणं असं की गोठ्यात लाळ्या-खुरकूत आली, पहिल्या दिवशी एकच गाय लाळ गाळत होती आणि चौथ्या दिवशी ९ जनावरं बसली, लस तर १५ दिवसांआधीच मारली होती, मग हा आरएनए व्हायरस पेशीतून पेशीत एवढ्या लवकर जातो तरी कसा, आणि व्हायरसवर चालतच नाही तर डॉक्टरनं अँटिबायोटिक काहून टोचलं.

बाबू, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण ते लवकर संपतं. अँटिबायोटिक व्हायरससाठी नव्हतंच. फोड फुटले की जिभेची आणि खुराच्या बेचक्यातली कातडी निघते, खाली लाल मांस उघडं पडतं, गोठ्यात शेण-मूत तर आहेच, त्यातले जंतू शिरले की खूर सडतो, आळ्या पडतात, कधी खुराची नखीच निघून येते. ते होऊ नये म्हणून इंजेक्शन. डॉक्टरनं बरोबर केलं, फक्त समजावून सांगितलं नाही.

आता मेन गोष्ट. मी २६ वर्षं झाली काटोल, सावनेर, कळमेश्वर, उमरेड या पट्ट्यात जनावरं पाहून राहिलो. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात होतो तेव्हा मलाही वाटायचं की व्हायरसची रेप्लिकेशन सायकल म्हणजे परीक्षेत काढायची आकृती, गोल काढा, बाण काढा, मार्क घ्या. फील्डवर आलो तेव्हा कळलं की आपण गोठ्यात जे पाहतो ते बरंचसं त्या बाणांतच असतं, म्हणजे कोणत्या रोगात कुठं फोड येणार, कोणत्या रोगाची लस वर्षातून दोनदा लागते आणि कोणत्याची एकदा मारली की तीन वर्षं बघायचं काम नाही, हे सुद्धा विषाणू एका पेशीतून दुसरीत कोणत्या वाटेनं जातो याच्यावर बरंच ठरतं.

खुरकुतीचा विषाणू म्हणजे साधारण ३० नॅनोमीटरचा गोळा, एका मिलिमीटरमध्ये ३३ हजार ओळीनं बसतील. वर चरबीचं आवरण नाही, नुसतं प्रोटीनचं कवच, चार प्रकारच्या प्रोटीनचे प्रत्येकी ६० तुकडे. आत आरएनएचा एकच धागा, साडेआठ हजारांच्या आसपास अक्षरं. संपलं. एवढ्या सामानात तो दोन क्विंटलच्या कालवडीपासून सहा क्विंटलच्या एचएफ (होल्स्टीन) गाईपर्यंत कोणालाही आडवं करतो. लोफलर आणि फ्रॉश या दोघा जर्मनांनी १८९८ मध्ये दाखवलं होतं की बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यानंही हा रोग होतो, जनावरांचा सगळ्यात पहिला सापडलेला व्हायरस तो हाच.

तो आत जातो बहुतेक नाका-घशाच्या मागच्या अस्तरातून. कवचावरच्या व्हीपी-१ नावाच्या प्रोटीनचा एक फासा बाहेर आलेला असतो, त्यावर आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड अशी तीन अमिनो आम्लं ओळीनं. पेशीवर इंटिग्रिन म्हणून प्रोटीन असतं, ते बिचारं पेशीला आजूबाजूच्या जाळ्याला धरून ठेवायला आहे, आणि जाळ्याच्या प्रोटीनमध्येही नेमकी हीच तीन अक्षरं असतात. म्हणजे व्हायरसनं दाराची नवी चावी नाही बनवली, घरच्याच माणसाचा आवाज काढून दार वाजवलं. पेशी त्याला गिळते, एका पिशवीत घेते, आणि ती पिशवी नेहमीप्रमाणे आंबट व्हायला लागते. पीएच ६.५ च्या खाली गेला की खुरकुतीच्या विषाणूचं कवच १२ तुकड्यांत उकलतं आणि आतला धागा पेशीत उतरतो.

इथं थांब जरा, कारण ही आंबटाईची गोष्ट तुझ्या फिनाईलच्या बाटलीपेक्षा कामाची आहे. पेशीच्या पिशवीत जे घडतं ते गोठ्याच्या फरशीवर घडवलं तर विषाणू पेशी भेटायच्या आधीच उकलतो आणि उघडा आरएनए शेणा-मातीत टिकत नाही. म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी किंवा व्हिनेगर चालतं. दुसऱ्या टोकालाही तो कच्चाच आहे, पीएच ९ च्या वर गेला की मोडतो, म्हणून धुण्याचा सोडा, ४ टक्के, म्हणजे लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम. धुण्याचा, खायचा नाही. खायच्या सोड्यानं तोंड धुतो आपण ते जनावराला आराम पडावा म्हणून, व्हायरस मरावा म्हणून नाही. आणि हो, दोन्ही एकाच बादलीत टाकू नको, फेस येईल आणि दोघांचंही काम संपेल, हे मी एका गोठ्यात डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नुसत्या साबणावर किंवा स्पिरिटवर पण भरवसा ठेवू नको, साबण चरबीचं आवरण फोडतो आणि याला आवरणच नाही.

आता धागा आत आला. लग्नघरी स्वयंपाकघरात आचारी असतो ना, मुनीम चिठ्ठी आणून देतो, शंभर पोळ्या, दोन भगोणे वरण, की तो लागतो कामाला, चिठ्ठी कोणाची हे तो विचारत नाही. पेशीतला रायबोसोम असाच आचारी. खुरकुतीचा आरएनए पॉझिटिव्ह जातीचा आहे, म्हणजे चिठ्ठी सरळ वाचता येते, मुनीमाची सही नसली तरी बाजूच्या दारानं आचाऱ्याच्या हातात पडते. आचारी वाचतो आणि एक लांबलचक प्रोटीन बनवतो, जे नंतर विषाणूच्याच कात्र्या जागोजागी कापतात. त्यातली पहिली कात्री, लीडर प्रोटिएज, पेशीच्या मुनीमालाच कापते, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्या आचाऱ्यापर्यंत पोचवणारं जे प्रोटीन आहे ते. घरच्या लोकांचा स्वयंपाक बंद, चोराचा सुरू.

आणि याचा पेशीतून पेशीत जाण्याशी थेट संबंध आहे. लागण झालेली पेशी मरायच्या आधी शेजारच्या पेशींना इंटरफेरॉन पाठवते, हाक मारते म्हण ना, की बाप्पा दारं लावा, आला. पण इंटरफेरॉन हे सुद्धा प्रोटीनच, त्याची चिठ्ठी सुद्धा त्याच आचाऱ्याकडे जायची असते. मुनीम गेला तर हाक घशातच राहते. शेजारी झोपलेला, दार उघडं. खुरकूत एवढी जोरात पसरते त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि लोक मात्र वाऱ्यालाच दोष देत राहतात.

मग नकला. एक पॉलिमरेज सरळ धाग्यावरून उलटा धागा बनवतं, उलट्यावरून पुन्हा सरळ, असे भराभर. हे पॉलिमरेज तपासून पाहत नाही, साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक करतं, आणि धागाच साडेआठ हजारांचा, म्हणजे जवळपास दर नकलेत एखादं अक्षर बदललेलंच. बऱ्याच नकला त्यामुळे बाद होतात, काही मात्र कवचाचं रूप थोडं बदलून बाहेर पडतात आणि जुन्या अँटिबॉडीला ओळखू येत नाहीत. जगात खुरकुतीचे सात टाइप आहेत, आपल्या लशीत तीन असतात, ओ, ए आणि एशिया-१. आपल्या देशात सापडतो तो जास्त करून ओ. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. सी पण होता पूर्वी, पण २००४ नंतर जगात कुठंच सापडला नाही.

एका पेशीत हे सगळं चार ते सहा तासांत आटोपतं, मग पेशी फुटते आणि हजारो कण बाहेर. आता तुझं गणित कर. सकाळच्या दुधाच्या वेळी एक पेशी, संध्याकाळी तिच्या आजूबाजूच्या फुटायला लागलेल्या. घशातून रक्तात, रक्तातून जिभेला, खुराच्या बेचक्यात, सडांना, कारण तिथल्या कातडीत ते इंटिग्रिन भरपूर, आणि पेशी थरावर थर रचलेल्या, एक फुटली की माल सरळ शेजारणीच्या अंगावर. मधला थर विरघळतो, पाणी साचतं, तोच फोड. म्हणजे तू ज्या दिवशी लाळ पाहिली त्या दिवशी ती गाय रोगाच्या सुरुवातीला नव्हती, व्हायरसचं बहुतेक काम होऊन गेलेलं होतं. लक्षण दिसायला २ ते १४ दिवस लागतात आणि त्याच्या आधीपासूनच दुधात, श्वासात विषाणू सापडायला लागतो. तुझी ती ९ जनावरं पहिल्या गायीला लाळ सुटल्यावर लागली असं नाही, बऱ्याच जणांच्या घशात तेव्हाच काम चालू होतं. एकाच हाताचं दूध काढणं, एकाच टाक्यावरचं पाणी, अजून काय पायजे.

वासरांवर लक्ष ठेव. लहान वासरात हा विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरतो, फोड-बीड काही नाही, दूध पिता पिता वासरू कोसळतं. पोस्टमार्टेमला हृदयावर फिकट पट्टे दिसतात, त्याला टायगर हार्टच म्हणतात, आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं नागपूरच्या माणसानंच नाव ठेवलं असेल. आजारी गाईचं दूध वासराला पाजू नको, उकळून गार केल्याशिवाय तर नाहीच.

आता तुझ्या पुस्तकातला दुसरा प्रकार घे, निगेटिव्ह आरएनए. ऑफिसातला रबरी शिक्का पाहिला असशील, त्यावरची अक्षरं उलटी असतात, वाचता येत नाहीत, आधी ठसा उमटवावा लागतो. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, हा तसला, जवळपास १६ हजार अक्षरांचा. आचाऱ्याला उलटा शिक्का वाचता येत नाही म्हणून हा आपलं पॉलिमरेज खिशात घेऊनच येतो. आणि याची वाट वेगळी आहे. आधी तो रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच शिरतो, त्यांच्यावर बसून लिम्फ गाठीत जातो, म्हणजे पोलिसाच्याच गाडीतून फिरतो, आणि मग तोंडाच्या, आतड्याच्या, फुप्फुसाच्या अस्तरात आतल्या बाजूनं उतरतो. पांढऱ्या पेशी मारल्यामुळे प्रतिकारशक्ती बसते, म्हणून पीपीआरची शेळी बरेचदा न्यूमोनियानं जाते, आणि मालक म्हणतो सर्दी झाली होती.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. पीपीआरला दुसऱ्या पेशीत जायला बाहेर पडायचीच गरज नाही. लागण झालेल्या पेशीच्या अंगावर विषाणूची दोन प्रोटीनं येतात, एक शेजारणीला धरतं, दुसरं दोघींची भिंत एक करून टाकतं. दोन पेशींची एक, मग चार, मग दहा केंद्रकांची एक मोठी पेशी, वाड्यातल्या मधल्या भिंती पाडून सगळ्या खोल्या एक केल्यासारखं. बाहेर रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडीला हा आतला प्रवास दिसतच नाही. त्यासाठी लागण झालेली पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि त्या मुख्यतः तेव्हाच तयार होतात जेव्हा लशीतला विषाणू खराखुरा पेशीत जाऊन थोडासा वाढतो. म्हणून पीपीआरची लस जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची, आणि एका टोच्यात तीन वर्षं निघतात. याच घराण्यातली बुळकांडी, तीही अशाच जिवंत लशीनं संपवली, २०११ मध्ये जगातून गेली म्हणून जाहीर झालं, जनावरांचा पहिला आणि आतापर्यंतचा एकच रोग जो पूर्ण पुसला. माझ्या बेरारी शेळ्यावाल्या लोकांना हे सांगितलं की म्हणतात डॉक्टर मग पीपीआरचा नंबर कधी. लागेल, टोचणी सगळ्यांनी केली तर.

खुरकुतीची लस मात्र मेलेल्या विषाणूची. बीएचके-२१ नावाच्या पेशींत विषाणू वाढवतात, मारतात, शुद्ध करून तेलात घालतात. मेलेला विषाणू पेशीत वाढत नाही, त्यामुळे शरीराला फक्त बाहेरचं कवच दिसतं, अँटिबॉडी बनतात आणि काही महिन्यांत उतरतात, म्हणून दर सहा महिन्यांनी टोचायची. खुरकुतीला ते चालतंही, कारण तो पेशी फोडून उघड्यावर येतो, आणि उघड्यावर अँटिबॉडी त्याला धरू शकते.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. कोंबड्यांची मानमोडी, म्हणजे राणीखेत, तिच्यात जोडणाऱ्या प्रोटीनवर एक कापायची जागा असते, सौम्य जातीत ती जागा फक्त आतड्या-श्वासनलिकेतलीच एन्झाइम कापतात म्हणून रोग तिथंच राहतो, जहाल जातीत ती अंगभर कुठल्याही पेशीतलं फ्युरिन कापतं म्हणून मेंदूपर्यंत जातो आणि मान मुरडते, सगळा फरक दोन-चार अमिनो आम्लांचा. रेबीज नसेतून नसेत, सांध्या-सांध्यानं मेंदूकडे चढतो, रक्तात येतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून चावा घेतल्यावर लगेच १५ मिनिटं साबणानं धुणं आणि लस, तो नसेत घुसायच्या आत. आणि बाबू, गाय लाळ गाळतेय, हंबरडा वेगळाच येतोय, घशात काही अडकलंय वाटतंय, तर तोंडात हात घालू नको. प्रत्येक लाळ खुरकुतीची नसते. मी एकदा घातला होता, नोकरीला लागून वर्ष पण झालं नव्हतं, मग पाच इंजेक्शनं घेतली आणि बायकोची बोलणी वेगळी.

बर्ड फ्लूचं तर आपल्या गावात २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये झालं, तीन वाघ आणि एक बिबट गेले एच५एन१ नं. त्याच वर्षी अमेरिकेत दुभत्या गाईंच्या कासेत तो सापडला, कारण पक्ष्यांच्या पेशीवर जसलं दार असतं तसलं दार कासेतल्या पेशींवर निघालं. दार कुठं आहे हे पाहायचं, रोग तिथं जाणार. आणि लोक लम्पीही यात जोडतात, लम्पी आरएनए नाही, डीएनए आहे, देवीच्या घराण्यातला, त्याचं गणित वेगळं.

आता तुझ्या लशीचं. १५ दिवसांआधी टोचली म्हणतो, पण मला हे सांग की बसली ती ९ कोणती? मी पैज लावतो त्यात पहिलटकरणी आणि नव्यानं विकत आणलेली जास्त असतील. आयुष्यातला पहिला डोस असेल तर एका टोच्यानं पूर्ण संरक्षण येत नाही, महिन्याभरानं बूस्टर लागतो, आणि चार महिन्यांच्या आतलं वासरू असेल तर आईच्या चिकातल्या अँटिबॉडीच लशीला खाऊन टाकतात. ज्यांना वर्षानुवर्षं सहा महिन्यांनी लस मिळाली त्या तुझ्या १३ मध्येच असतील, उभ्या.

दुसरं, बर्फपेटी. लशीतला कण अख्खा असला तरच कामाचा, उन्हानं त्याचे तेच १२ तुकडे पडतात आणि तुकड्यांवर अँटिबॉडी चांगली बनत नाही. २ ते ८ डिग्री, कमी नाही जास्त नाही. बर्फाला चिकटून गोठली तरी तेल आणि पाणी वेगळं होऊन बाद. मी मे महिन्यात, ४५ डिग्रीत, एका ठिकाणी लशीच्या बाटल्या गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेल्या पाहिल्या आणि त्याच टोचल्याही गेल्या. गाव कोणतं, कोणी केलं ते सोडून दे, पण पोळ्याच्या तोंडावर तिथं तोरणाखाली उभे राहायला धड बैल नव्हते. आणि तिसरं म्हणजे सुई. गोठ्यात रोग आलेला असताना एकाच सुईनं सगळ्यांना टोचत गेलास तर लस देत नाहीस, रोग वाटतोस.

आता काय करायचं. बसलेल्यांना वेगळं बांध, त्यांचं सगळ्यात शेवटी दूध काढ, हात आणि बादली सोड्याच्या पाण्यानं. तोंडाला लाल औषधाचं (पोटॅशियम परमँगनेट) फिकट गुलाबी पाणी, वर बोरोग्लिसरीन, कण्या किंवा पेज मऊ करून. खुरांना आळीचं औषध. सड पाहत राहा, फोड असले तर दगडी, म्हणजे कासेची सूज, लवकर होते. बाजारात एकही जनावर न्यायचं नाही, बरं दिसलं तरी. बऱ्या झालेल्या जनावराच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि अशातली काही उन्हाळ्यात धापा टाकत राहतात, केस लांब वाढतात, दूध येत नाही, ती विकून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं पाप आहे, लोक करतात.

आणि कोणता टाइप आहे ते कळायला पाहिजे, म्हणून नमुना दे. न फुटलेल्या किंवा आजच फुटलेल्या फोडाचं कातडं, नखाएवढं, पशुवैद्यकीय दवाखान्यातून ग्लिसरीन-बफरची बाटली घेऊन त्यात टाक, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव. साध्या डब्यात, घामेजल्या पिशवीत आणू नको, कातडं आंबलं की कण उकलला, आणि लॅबवाले लिहून देतील निगेटिव्ह. दोन-तीन आठवड्यांनी उभ्या असलेल्या १३ जणींचं रक्त पण काढून घे. लस शुद्ध केलेली असते, तिच्यात फक्त कवच येतं, पॉलिमरेज आणि त्या कात्र्या जवळपास नसतातच, त्या पेशीच्या आत विषाणू वाढतो तेव्हाच बनतात, म्हणून ज्यांच्या रक्तात त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी निघतील त्यांना लागण होऊन गेली असं समज, लाळ एक थेंब गळली नसली तरी. रिपोर्ट आला की टाक इथंच, पाहू तुझ्या १३ मधल्या खरंच किती वाचल्या होत्या.